उत्तम नोकरी : डोंबिवलीतील उपजीविका, उद्योग व महत्त्वाकांक्षा आणि त्यांचे पडद्यावरील दर्शन

१

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण मराठी समाजात पिढ्यानपिढ्या ऐकू येत आली आहे. ज्या काळी ही प्रतवारी रूढ झाली, त्या काळी नोकरी म्हणजे परक्याची ताबेदारी होती. घरची जमीन वा घरची पेढी असणाऱ्याने तिच्याकडे वळावे, हे उतरत्या दिवसांचे लक्षण समजले जाई. मुंबईपासून रेल्वेने सुमारे ४८ किलोमीटर अंतरावर वाढलेल्या डोंबिवली या नगराने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रतवारी उलटी केली. येथील भातशेतांची जागा इमारतींनी व कारखान्यांनी घेतली. व्यापार हा बहुतांशी इतरांचा प्रांत मानला गेला. आणि नोकरी, त्यातही कायम स्वरूपाची, निवृत्तिवेतनाची नोकरी, ही श्रेष्ठ ठरली. मुलीसाठी स्थळ पाहताना ‘मुलगा बँकेत आहे’ किंवा ‘मंत्रालयात आहे’ एवढे सांगितले की पुढचे प्रश्न आपोआप कमी होत.

या उलटापालटीकडे पाहण्याची एक रीत रूढ झाली आहे. डोंबिवलीकर म्हणजे सकाळची ठराविक लोकल, दुपारचा डबा, संध्याकाळची परतीची गर्दी आणि महिनाअखेरीची ओढाताण. त्याच्या आयुष्यात महत्त्वाकांक्षेला वाव नाही, असे हे चित्र आहे. कथा-नाटकांनी व विनोदी लेखनाने ते रंगविले आणि चित्रपटांनी ते देशभर पोहोचविले. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की हे चित्र अपुरे आहे. डोंबिवलीच्या मध्यमवर्गात महत्त्वाकांक्षेचा अभाव नव्हता. ती कचेरीच्या बाहेर, घर, संस्था, अपत्यांचे शिक्षण व छोटे धंदे यांत गुंतविली गेली होती. पडद्याने या जीवनातील क्रोध अचूक टिपला, महत्त्वाकांक्षा मात्र क्वचितच टिपली. इतिहासाच्या अभ्यासकाने चित्रपटाची साक्ष कोणत्या बाबतीत ग्राह्य मानावी व कोणत्या बाबतीत मानू नये, हा प्रश्न या निमित्ताने उभा राहतो.

२

डोंबिवलीचा इतिहास लिहिताना आरंभ रेल्वेपासून करावा लागतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली आणि १८५४ साली लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. मधल्या डोंबिवलीस स्थानक मिळण्यास १८८० चे दशक उजाडावे लागले. १९१६ साली पारसिकचा बोगदा खुला झाल्यावर ठाण्यापलीकडचा प्रवास सरळ व जलद झाला. १९२५ साली मुंबईत विजेची पहिली गाडी धावली. मुख्य मार्गाच्या विद्युतीकरणासाठी डोंबिवलीच्या शेजारीच, ठाकुर्ली येथे, रेल्वेचे चोळा वीजगृह १९२९ साली उभे राहिले. ज्या विजेने गाड्या धावल्या ती या परिसरात निर्माण होत होती आणि त्या गाड्यांतून जाणारा चाकरमानी याच परिसरात वसणार होता.

तथापि, रेल्वे हे साधन होय, कारण नव्हे. गाडी असूनही कित्येक दशके डोंबिवली हे आगरी व कोळी वस्तीचे, भातशेतीचे आणि खाडीच्या आश्रयाने जगणारे खेडेच राहिले. श्री गणेश मंदिर संस्थानाची स्थापना १९२४ ची आहे. त्यावरून नव्याने येऊन राहिलेल्या पांढरपेशा कुटुंबांची संख्या त्या सुमारास एक सार्वजनिक संस्था चालविण्याइतपत झाली होती, असे अनुमान करता येते. खरी वाढ स्वातंत्र्यानंतरची आहे, आणि तिचे मूळ मुंबईतील नोकऱ्यांच्या वाढीत आहे. १९५५ साली स्टेट बँक व १९५६ साली आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले; १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन शासनाचा व्याप वाढला; १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस राज्यकारभारात वैधानिक स्थान दिले; १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँकांच्या शाखांचे जाळे पसरू लागले. या प्रत्येक घटनेने मराठी सुशिक्षितांसाठी टेबलखुर्चीच्या नव्या जागा निर्माण केल्या.

या जागांचे मोल केवळ पगारात नव्हते. गिरणीतील बदली कामगाराला उद्याची खात्री नसे; खाजगी पेढीवरील कारकुनाची नोकरी शेठजींच्या मर्जीवर अवलंबून असे. त्यांच्या तुलनेत मस्टरवर सही करणारा सरकारी वा बँकेतील कर्मचारी महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय सवलत व निवृत्तिवेतन यांच्या तटबंदीत सुरक्षित होता. ज्या घरातील मागील पिढीने कोकणातील तुटपुंजी शेती व मनीऑर्डरची वाट पाहणारे दिवस अनुभवले, त्या घराला ही सुरक्षितता म्हणजे निष्क्रियता वाटणे शक्यच नव्हते. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेच्या आरंभीच्या प्रचारात मराठी तरुणांना मुंबईतील कचेऱ्यांत नोकऱ्या मिळाव्यात ही मागणी अग्रभागी होती, हे येथे लक्षात घ्यावे. ज्या वस्तूसाठी चळवळ उभी राहते, ती वस्तू तत्कालीन समाजाच्या महत्त्वाकांक्षेचा विषय होती, हे निराळे सिद्ध करावे लागत नाही.

३

नोकरी मुंबईत आणि घर डोंबिवलीत ही फारकत कशी झाली? तिचे उत्तर घरांच्या अर्थशास्त्रात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी गोठविली. जुन्या भाडेकरूंस संरक्षण मिळाले. पण भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात मालकांना लाभ उरला नाही. गिरगाव-दादरच्या चाळीतील खोली हवी असेल तर पागडीची मोठी रक्कम रोख मोजावी लागे, आणि ती बहुधा कागदावर येत नसे. खोलीत तीन भाऊ वाढले, तिघांची लग्ने झाली, आणि खोली तेवढीच राहिली, ही त्या काळातील असंख्य कुटुंबांची स्थिती होती. अशा वेळी ठाण्यापलीकडे, रेल्वेच्या पासाच्या अंतरावर, मालकीची दोन खोल्यांची जागा मिळणे ही मुक्तीच होती.

१९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम व १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा अधिनियम या दोन कायद्यांनी या इच्छेला कायदेशीर चौकट दिली. दुसऱ्या कायद्याने घर बांधून विकणाऱ्यावर लेखी करार करण्याचे, घेणाऱ्यांची संस्था स्थापण्याचे व मालमत्ता तिच्या नावे करून देण्याचे बंधन घातले. ‘ओनरशिपचा ब्लॉक’ हा शब्दप्रयोग याच काळात घराघरांत रुळला. घरासाठी पैसा उभा करण्याची साधने मर्यादित होती : भविष्यनिर्वाह निधीतील उचल, कचेरीतील पतपेढीचे कर्ज, पत्नीचे दागिने आणि गावाकडील एखादा जमिनीचा तुकडा. केवळ घरबांधणीला कर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था १९७७ साली स्थापन झाली. तोवर बहुतेकांनी घर घेतले ते पगारातून पैसा-पैसा बाजूला काढून.

दोन खोल्यांच्या मालकीसाठी आयुष्याची पंधरा-वीस वर्षे जखडून घेणारा मनुष्य महत्त्वाकांक्षाहीन म्हणता येत नाही. त्याची महत्त्वाकांक्षा दीर्घ मुदतीची होती व तिचे फळ बहुधा पुढच्या पिढीच्या पदरात पडणारे होते. म्हणूनच या नगरात घरांच्या पाठोपाठ शाळा आल्या. टिळकनगर विद्यामंदिर व स. वा. जोशी विद्यालय यांसारख्या शाळांभोवती डोंबिवलीचे सामाजिक जीवन जितके फिरले, तितके ते बाजारपेठेभोवतीही फिरले नसावे.

महत्त्वाकांक्षेला आणखी एक वाट होती, ती संस्थांची. कचेरीत बढती ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे मिळे. तेथे कर्तृत्वाला वाव थोडा. पण तोच मनुष्य संध्याकाळी गृहनिर्माण संस्थेचा कार्यवाह, वाचनालयाचा विश्वस्त, नाट्यसंस्थेचा सूत्रधार किंवा प्रवासी संघटनेचा प्रतिनिधी असे. हिशेब चोख ठेवणे, इतिवृत्त लिहिणे, घटना व नियम यांच्या आधारे वाद मिटविणे ही कचेरीत कमावलेली कौशल्ये त्याने नगराच्या कारणी लावली. पु. भा. भावे व शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक डोंबिवलीत राहिले. १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झालेली गुढीपाडव्याची शोभायात्रा पुढे महाराष्ट्रातील अनेक शहरांनी उचलली. २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९० वे अधिवेशन येथे भरले. ‘सांस्कृतिक नगरी’ ही डोंबिवलीची ख्याती नोकरदारांच्या फावल्या वेळातून उभी राहिली आहे, आणि तो फावला वेळ किती थोडा होता हे पाहिल्यावर तिचे मोल अधिकच कळते.

४

या वेळेचा हिशेब मांडून पाहावा. घर सोडल्यापासून कचेरीत पोहोचेपर्यंत दीड तास व परतीला तेवढाच धरला, तर रोजचे तीन तास होतात. वर्षातील कामाचे ३०० दिवस व नोकरीची ३० वर्षे धरल्यास हा आकडा २७,००० तासांवर जातो. आठ तासांच्या दिवसाने भागल्यास ३,३७५ दिवस, म्हणजे कचेरीतील सव्वाअकरा वर्षांच्या कामाइतका काळ निघतो. या काळाचे वेतन कोणी दिले नाही. मुंबईतील स्वस्त मनुष्यबळ आणि उपनगरातील स्वस्त घर यांमधील फरक चाकरमान्याने स्वतःच्या आयुष्यातून भरून काढला.

या काळातही त्याने समाज निर्माण केला, हे खरे. ठराविक गाडीच्या ठराविक डब्यातील मंडळ, भजन, पत्ते, तीन माणसांच्या बाकावर टेकलेली ‘चौथी सीट’, परतीच्या वाटेवर महिलांच्या डब्यात निवडली जाणारी भाजी, सणाला डब्याला बांधलेली तोरणे या गोष्टी सर्वपरिचित आहेत. पण त्यांचे कौतुक करताना गर्दीने घेतलेले बळी विसरता येत नाहीत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ, एकमेकींच्या जवळून जाणाऱ्या दोन भरगच्च लोकलच्या दारांतील प्रवासी खाली पडले व त्यांतील किमान चौघे मृत्युमुखी पडले. त्या दिवशीच्या बातमीने देशाचे लक्ष वेधले. पण दारात लोंबकळत जाणे हा या मार्गावरील रोजचाच भाग होता. कनिष्ठ ठरविलेली नोकरी उत्तम ठरली, तिची ही किंमत होय.

५

डोंबिवलीची एक बाजू रोज सकाळी मुंबईकडे जाते. तिची दुसरी बाजू पूर्वेस औद्योगिक वसाहतीत आहे आणि ती नगराच्या प्रतिमेत फारशी दिसत नाही. १९६१ च्या अधिनियमान्वये १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात डोंबिवलीच्या पूर्वेकडील शेतजमिनींवर रसायने, औषधे, रंग व कापडप्रक्रिया यांचे कारखाने उभे राहू लागले. ‘उत्तम शेती’ करणाऱ्या मूळ रहिवाशांच्या जमिनी या कामी संपादित झाल्या. म्हणीतील पहिली पायरी अशी शासकीय अधिसूचनेने पुसली गेली. डोंबिवलीच्या इतिहासात बाहेरून आलेल्या पांढरपेशांचा जेवढा उल्लेख होतो, तेवढा या भूमिपुत्रांचा होत नाही, ही उणीव मोठी आहे.

या वसाहतीत उद्योजकतेची नमुनेदार उदाहरणे आढळतात. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकलेले व तेथेच अध्यापन केलेले डॉ. केकी घरडा यांनी १९६० च्या दशकात स्वतःचा रसायन उद्योग सुरू केला. परदेशी कंपन्यांच्या महागड्या कीडनाशकांना व तणनाशकांना देशी प्रक्रियेने तयार केलेला स्वस्त पर्याय देणे हे त्यांच्या उद्योगाचे वैशिष्ट्य होते. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली व २०२४ साली त्यांचे निधन झाले. डोंबिवलीतील ‘घरडा सर्कल’ हा चौक रिक्षाचालकापासून विद्यार्थ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे; मात्र त्या नावामागे एका प्राध्यापकाने प्रयोगशाळेतून कारखान्याकडे केलेला प्रवास आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

दुसरे उदाहरण मराठी कुटुंबाचे आहे. नागपूरकडून मुंबईस आलेल्या केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली परळ येथे ‘विको’ची स्थापना केली. आयुर्वेदीय वनस्पतींचे दंतमंजन तयार करून ते दारोदार विकण्यापासून या उद्योगाचा आरंभ झाला. पुढे त्यांचे पुत्र गजानन पेंढरकर यांच्या काळात हळदीचे मलम बाजारात आले आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना या उद्योगाचे एक प्रमुख केंद्र झाला. हे मलम औषध की सौंदर्यप्रसाधन, या प्रश्नावर अबकारी खात्याशी चाललेला या कंपनीचा वाद १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत पाव शतकाहून अधिक काळ चालला. एका कारकुनाच्या संपूर्ण सेवाकालाएवढी चिकाटी येथे एका उद्योगाने एका प्रश्नापायी दाखविली. नोकरदाराचा धीर व उद्योजकाचा धीर यांची जात निराळी नसावी, असे अशा वेळी वाटते.

या दोन बाजूंना जोडणारा दुवा सहकारी बँकेत सापडतो. १९७० साली डोंबिवली नागरी सहकारी बँक व १९७३ साली शेजारच्या कल्याणात कल्याण जनता सहकारी बँक सुरू झाली. नागरी सहकारी बँकेची रचना लक्षात घेतली तर तिचे सामाजिक महत्त्व उघड होते. तिच्याकडे ठेव ठेवणारा प्रामुख्याने पगारदार वा निवृत्त मनुष्य असतो. कर्ज घेणारा छापखानदार, किराणा दुकानदार, रिक्षावाला, सुट्या भागांचा लहान कारखानदार असतो. ज्याने स्वतः धंद्याचा धोका पत्करला नाही, त्याच्या शिलकेतून दुसऱ्याचा धंदा उभा राहतो. म्हणीतील ‘मध्यम व्यापार’ आणि ‘कनिष्ठ नोकरी’ यांच्यात या नगराने असा व्यवहार घडवून आणला. तो ठेवपावतीच्या रूपाने झाल्यामुळे त्याची गाथा कोणी लिहिली नाही.

तीच गोष्ट स्त्रियांच्या उद्योगाची. स्त्रिया मोठ्या संख्येने मुंबईस नोकरीस जाऊ लागल्यावर संध्याकाळच्या स्वयंपाकाचा प्रश्न निर्माण झाला आणि त्याच्या उत्तरातून डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रे उभी राहिली. एका स्त्रीच्या नोकरीने दुसऱ्या स्त्रीला धंदा दिला. दिवाळीचा फराळ, मसाले, लोणची, पापड यांची घरगुती विक्रीही याच वाटेने वाढली. या धंद्यांत मोठे भांडवल नव्हते व पुष्कळदा दुकानाची पाटीही नव्हती. पण खर्च, नफा, गिऱ्हाईक व स्पर्धा यांचा हिशेब करणारी व्यापारी बुद्धी पूर्णांशाने होती.

औद्योगिक वसाहतीची काळी बाजूही नोंदविली पाहिजे. सुरुवातीस कारखाने व वस्ती यांमध्ये अंतर होते. घरांची मागणी वाढली तसे ते मिटत गेले. २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी येथील रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांत अनेक कामगारांचे प्राण गेले आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आपण कारखान्याच्या शेजारी राहतो, याचे भान नोकरदार डोंबिवलीला अशा वेळीच प्रकर्षाने झाले.

६

आता पडद्याकडे वळता येईल. चित्रपटापूर्वी मराठी साहित्याने चाकरमान्याला नायकत्व दिले होते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’तील कारकून धोंडो भिकाजी जोशी हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध अवतार होय. तेथे त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी विनोदाची व करुणेची आहे. १९७० च्या दशकात हिंदी चित्रपटाने हाच मनुष्य स्वीकारला. अमोल पालेकर हे चित्रपटांत येण्यापूर्वी स्वतः बँकेत नोकरीस होते; ‘रजनीगंधा’ (१९७४) व त्यानंतरच्या चित्रपटांनी त्यांना मध्यमवर्गीय नोकरदाराचा चेहरा बनविले. ‘गोलमाल’ (१९७९) या चित्रपटातील तरुणाला नोकरी मिळविण्यासाठी आपली खेळांची व गाण्याची आवड लपवावी लागते. प्रेक्षक त्यावर मनसोक्त हसले. पण नोकरीच्या दारात आपली इच्छा बाहेर ठेवावी लागते, हे त्या हास्याचे मूळ आहे. ‘घरोंदा’ (१९७७) या चित्रपटात हा विनोद मावळला. एकाच कचेरीत काम करणारे स्त्री-पुरुष घरासाठी पैसे साठवितात, फसविले जातात आणि त्या फसवणुकीने त्यांचे प्रेमही डागाळते. घर ही मध्यमवर्गाची खरी महत्त्वाकांक्षा होय व ती नीतीची कसोटी पाहू शकते, हे सत्य या चित्रपटाने ज्या स्पष्टपणे मांडले, त्या स्पष्टपणे ते पुढे क्वचितच मांडले गेले.

डोंबिवलीतील उद्योग मात्र पडद्यावर आला तो जाहिरातीच्या रूपाने. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या; १९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका विकोच्या प्रायोजकत्वाखाली प्रसारित झाली. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटापूर्वी व घरी मालिकेपूर्वी या उत्पादनांची धून कानी पडे. ज्या पडद्यावर नोकरदाराची कथा दोन-अडीच तास चाले, त्याच पडद्यावर उद्योजकाला मिनिटाहून कमी वेळ मिळे. आणि त्यातही वस्तू दिसे, ती करणारा दिसत नसे. मराठी उद्योजकाच्या कथेला चित्रपटाचा नायक करण्यास मराठी चित्रपट फारसा धजावला नाही, हा योगायोग नसावा. प्रेक्षकगृहात बसणारा बहुसंख्य प्रेक्षक नोकरदार होता आणि त्याला आपली कथा हवी होती.

ती कथा निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या चित्रपटाने सांगितली. संदीप कुलकर्णी यांनी साकारलेला माधव आपटे हा बँकेतील प्रामाणिक कर्मचारी आहे. रोजची लोकल, नळाचे पाणी, लाच आणि छापील किमतीहून अधिक पैसे मागणारा दुकानदार यांनी त्याच्या सहनशीलतेचा अंत होतो व तो हाती बॅट घेऊन व्यवस्थेशी झगडू लागतो. या चित्रपटास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याची तमिळ आवृत्तीही निघाली. ‘फॉलिंग डाऊन’ (१९९३) या अमेरिकी चित्रपटाशी त्याचे साम्य सर्वांनी दाखविले आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. अमेरिकी नायकाची नोकरी कथेच्या आरंभापूर्वीच गेलेली आहे. आपटे याच्या हातात मात्र कायम नोकरी आहे, आणि त्याचा संताप तिच्या पोटातूनच उसळतो. नियम पाळला, मस्टर चुकविले नाही, तरी कराराची दुसरी बाजू कोणी पाळीत नाही, ही त्याची तक्रार आहे. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणात बँकेतील नोकरीचे तेज उतरत असताना हा चित्रपट यावा, यात त्याच्या यशाचे रहस्य शोधता येईल. ज्या पिढीने सुरक्षिततेला महत्त्वाकांक्षा मानले, तिच्या हिशेबाचा ताळमेळ बसेना, तो हा क्षण होता.

तथापि, या साक्षीची मर्यादाही येथेच दिसते. आपटे एकटा आहे. ज्या नगराने सोसायट्या, बँका, शाळा, प्रवासी संघटना उभारल्या, त्या नगरातील हा नायक कोणत्याही संस्थेचा आधार घेताना दिसत नाही. नाट्याला एकाकी नायक लागतो. डोंबिवलीचा इतिहास मात्र सभासदांनी घडविला आहे. महेंद्र तेरेदेसाई यांच्या ‘डोंबिवली रिटर्न’ (२०१९) मध्ये संदीप कुलकर्णी यांनीच पुन्हा एक नोकरदार उभा केला. तेथे क्रोधाच्या जागी मोह येतो, आणि दडपलेली महत्त्वाकांक्षा गुन्ह्याच्या सावलीतूनच प्रकट होते.

आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ (२०२२) या भयविनोदी चित्रपटाने एक वेगळीच गोष्ट साधली. त्याचा नायक बँक कर्मचारी नाही. तो उंच इमारतीत राहावयास आलेला तरुण अभियंता आहे. बाटलीबंद पाण्याच्या उद्योगाशी निगडित दूषित पाण्यामुळे शेजारच्या वस्तीतील माणसे अमानुष होऊ लागतात. कथा काल्पनिक व शैली हास्यकारक आहे. पण कारखाना, झोपडवस्ती, मनोरा आणि पाणी या चार गोष्टी प्रथमच एका चौकटीत आल्या. डोंबिवलीच्या पूर्वेकडील जी बाजू जाहिरातीत सुगंधित होऊन आली होती, ती येथे भयाच्या रूपाने परत आली. मधले सर्व, म्हणजे उद्योजकाची खटपट, कामगाराची पाळी, जमीन गेलेल्या शेतकऱ्याचे पुढचे आयुष्य, पोळ्या लाटणाऱ्या स्त्रीचा हिशेब, अद्याप पडद्याबाहेरच राहिले आहे.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. चित्रपट हे मनःस्थितीचे विश्वसनीय साधन होय. १९७७ साली घराची ओढ व २००५ साली कराराच्या भंगाची चीड किती तीव्र होती, हे कोणत्याही शासकीय अहवालापेक्षा ‘घरोंदा’ व ‘डोंबिवली फास्ट’ अधिक नेमकेपणाने सांगतात. परंतु काम, धंदा व महत्त्वाकांक्षा यांच्या रचनेविषयी त्यांची साक्ष एकांगी आहे. संथ, सामुदायिक आणि पुढच्या पिढीसाठी केलेली खटपट कॅमेऱ्याला दिसत नाही, कारण तीत निर्णायक प्रसंग नसतो. मासिक हप्ता हा प्रसंग नव्हे. पण अशा हप्त्यांनीच एक नगर उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख भरली, तीही या हप्त्यांचीच बेरीज मानावी लागेल.

या इतिहासाची खरी साधने गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते, सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल, शाळांची प्रवेशपुस्तके, प्रवासी संघटनांची निवेदने, भूसंपादनाचे कागद आणि घरोघरच्या जमाखर्चाच्या वह्या ही आहेत. पहिल्या पिढीच्या इमारती आज पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत व त्यांबरोबर संस्थांची कपाटेही रिकामी होत आहेत. ज्या संस्थेचे स्थावर मोल कोटींत मोजले जाते, तिच्या जुन्या इतिवृत्ताचे वजन रद्दीच्या भावाने होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधांसाठी हे कागद गोळा करण्यास प्रारंभ केला, तर म्हणीतील कनिष्ठ नोकरी एका संपूर्ण पिढीने उत्तम का मानली, आणि त्यासाठी तिने काय दिले, याचे उत्तर त्या पिढीच्याच हस्ताक्षरात वाचता येईल.